बुट्टीबाहेरची शेपटी

रविवारची सकाळ. कुपवाडहून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक निळा प्लास्टिकचा टप आहे आणि त्याच्यापुढे तुम्ही पिशवी घेऊन उभे आहात. टपात चार बोटं पाणी, पाण्यात चाळीस-पन्नास चिलापी, एकमेकींच्या अंगावरून वर येऊन हवा गिळणाऱ्या. "अर्धा किलो द्या," तुम्ही म्हणता. मावशी टपात हात घालतात, चार-पाच उचलून काट्यावर टाकतात. लाल आकडे थरथरतात.

"जरा मोठी बघून द्या की."

"ह्याच मोठ्या हायत बगा."

थांबा. मावशींनी सुरी उचलायच्या आत जरा माझ्याबरोबर चला. आंघोळ केली असेल तर वाया गेली म्हणून समजा.

टपावर वाका आणि मोठा श्वास घ्या. शेवाळ, चिखल, माशाचा चिकट वास, आणि त्यावर डिझेल. आधी ते डिझेल काढून टाका. मग मागच्या शेडमध्ये किरकिरणारा ग्राइंडर बंद करा. रस्त्याचं डांबर उचला. विजेच्या तारा गुंडाळा. टपाचं प्लास्टिक जाऊ द्या. पाणी सांडेल, सांडू दे. कारखान्यांचे पत्रे एकेक करून उतरवा. घाम फुटला? फुटणारच, तुमच्या घरातला पंखाही मी आत्ताच काढून घेतलाय. आता जे उरलं तो माळ. मुरमाड, पांढुरका, दुपारच्या उन्हात डोळ्यांवर येणारा. मधूनच एखादी बाभळ, तिच्या सावलीत शेळ्या, शेळ्यांपलीकडे पुन्हा माळ. साधारण दीडशे वर्षं मागे आलात तुम्ही. खिसा चाचपू नका, खिसाच नाही. अंगात बंडी आहे, कमरेला धोतर, आणि पायात काही नाही. बाईमाणूस असाल तर लुगडं आहे, काष्टा मारलेला. पाय भाजतायत ते खरंच भाजतायत.

पण इथं थांबून उपयोग नाही. ह्या माळाला तेव्हाही नदी नव्हती. आपल्याला जायचंय वायव्येला, सात-आठ कोसांवर, कृष्णाकाठी, भिलवडीच्या घाटावर. चालायचं अंतर मी तुम्हाला माफ केलं.

ज्येष्ठाचे पहिले दिवस आहेत. मृग अजून निघायचाय. घाटाच्या पायऱ्या तव्यासारख्या तापल्यात आणि नदी पार खाली गेलीय, इतकी की तिला नदी म्हणायला जरा संकोच वाटतो. वाळूत भोयांनी केलेल्या कलिंगडाच्या वाड्या वाळून गेल्यात, वेलांचे काळे दोर तेवढे उरलेत. वाहतं पाणी म्हणजे खडकांमधून सरकणारी एक ओळ. आणि मग डोह. हिरवा, गप्प, खोल. काठावर पाय ठेवलात की पायाखालची वाळू वर भाजते आणि बोटभर खाली गार लागते. समोरच्या तीरावर, औदुंबरच्या बाजूला, वाळूवर एक ओंडका पडलाय. त्याच्याकडे बघत राहू नका. तो ओंडका नाही.

करंजाच्या सावलीत एक गृहस्थ बसलेत. डोक्याला पागोटं, खांद्यावर उपरणं, उपरण्याचं टोक नाकाला. तासगावच्या मामलेदार कचेरीतला कारकून. पुढ्यात दौत, बोरू, लाल रुमालात बांधलेलं दफ्तर. ते दफ्तर इथपर्यंत तुम्ही वाहून आणलंत, म्हणजे आजच्यापुरती तुमची नोकरी ही. खांदा दुखतोय तो त्यामुळे. (बायांना मी घाटाच्या दुसऱ्या अंगाला, बुट्ट्या घेऊन बसलेल्या भोयांच्या बायांत बसवलंय. तिथून सगळं ऐकू येतं, आणि गप्पाही जास्त चांगल्या आहेत.)

कारकुनाचा जीव मेटाकुटीला आलाय. जन्मात ज्यानं मासा शिवला नाही, त्याला सरकारनं माशांची खानेसुमारी करायला धाडलंय. साहेबाचं नाव फ्रान्सिस डे. पेशानं लष्करी डॉक्टर, मद्रास इलाख्यातला, आणि माशांचं विलक्षण वेड. हिंदुस्थानातल्या नद्यांमधले मासे संपत चाललेत की काय, ह्या शंकेनं त्याला पछाडलंय. म्हणून इलाख्या-इलाख्यांतून प्रश्न सुटलेत, कलेक्टरांकडून मामलेदारांकडे, मामलेदारांकडून खाली, आणि अगदी शेवटी ह्या करंजाखाली. मासे धरणारे किती? नुसते मासेच धरतात की दुसरा धंदा करतात? बाजारात मासे पुरेसे येतात का? मटणाच्या मानानं भाव काय? लोकांपैकी खाणारे किती? पाण्यातले मासे वाढले, घटले की तसेच आहेत? अंड्यावरचे आणि पिल्लं मारतात का? सगळ्यात बारीक जाळ्याचं भोक केवढं? ह्या उत्तरांचा मोठा थोरला अहवाल 1873 साली कलकत्त्याला छापून निघेल. पण ते तुम्हाला ठाऊक, कारकुनाला नाही. त्याला एवढंच ठाऊक की हे कागद भरून गेले नाहीत तर मामलेदार खवळेल.

समोर म्हातारा भोई उकिडवा बसलाय. अंगावर लंगोटी, गळ्यात काळा दोरा. पाठ बघा त्याची: पालखीच्या दांडीनं खांद्यावर घट्टा पडलाय, आंब्याच्या कोयीएवढा.

"नुसते मासेच धरता, की आणिक काही उद्योग?"

"पालखी व्हातो जी. वाळूत वाडी करतो. पावसाळ्यात पैलतीराला माणसं नेतो, सांगडीवरनं. मासं बी धरतो."

"बरं. आता नीट सांग. नदीतले मासे पूर्वीपेक्षा वाढले का कमी झाले?"

म्हातारा नदीकडं बघतो. मग कारकुनाच्या बोरूकडं बघतो. तुम्ही जवळ उभे आहात म्हणून तुम्हाला त्याच्या कपाळावरची शीर दिसते. वाढले म्हणावं तर उद्या डोहावर पट्टी बसेल. कमी झाले म्हणावं तर जाळी बंद करा म्हणून हुकूम येईल. सरकार फुकटात विचारपूस करत नाही, एवढं त्याला साठ पावसाळ्यांत कळलंय.

"हाय तसंच हाय की जी."

बोरू कुरकुरतो. मोडीत ओळ उमटते: पूर्वीप्रमाणे. कारकून वाळू भुरभुरतो, फुंकर मारतो. एक रकाना भरला.

हसू नका. नदीच्या पोटात काय आहे ते विचारायचं आणि उत्तर देणाऱ्याचं पोट त्याच उत्तरावर अवलंबून, ही गाठ आजही सुटलेली नाही. बंदरावर वही-पट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या कुणालाही विचारा.

जाळ्याच्या भोकाची गंमत मात्र बघण्यासारखी झाली. मोजायचं कशानं? पट्टी कुणाकडं नाही. भोई म्हणाला, "ह्ये बगा, येवढं," आणि बोट पुढं केलं. बोट जाळ्यात जाईना. करंगळी जाईना. शेवटी कारकुनानं चंची सोडली. सुपारी लावून बघितली, नाही. घाटावर बसलेल्या एका बाईच्या गाठोड्यात फुटाणे होते. तिनं एक दिला. फुटाणा अडकला. मग कुठूनसा गव्हाचा दाणा आला, तो आरपार. कारकुनाचा चेहरा उजळला. सापडलं की माप! "गव्हाच्या दाण्याएवढे." देशभरातून साहेबाकडं अशीच उत्तरं गेली, दाण्यांच्या आणि बोटांच्या मापात. मला तर ती मिलिमीटरपेक्षा बरी वाटतात. ज्या जाळ्यातून फक्त गहू निसटतो त्यातून काय निसटत नाही, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तो लिहीत बसू दे. तुम्ही पाण्याकडं या.

म्हाताऱ्याचा धाकटा पोरगा कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे. फेकायचं जाळं हातात घेऊन बघा, तो नको म्हणणार नाही. वजन लागतं ना? काठाशी शिशाच्या गोळ्या ओवल्यात. सुती दोरा, हातानं गाठी मारलेला, आणि बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळून तपकिरी केलेला, म्हणजे पाण्यात कुजत नाही. वास घ्या. चहाच्या चोथ्यासारखा तुरट, त्याखाली मासळीचा. आता परत द्या. पोरगा जाळ्याची एक कड दातांत धरतो, बाकीचं खांद्यावर आणि कोपरावर घड्या घालून घेतो, अंग पिळतो आणि सोडतो. एका क्षणात हवेत गोल पसरतो, चुलीवरच्या भाकरीएवढा वाटतो आणि पाण्यावर पडेस्तोवर जोंधळ्याच्या खळ्याएवढा होतो. आवाज एकच, कढईत फोडणी पडावी तसा. मग शांतता. पोरगा दोरी सावकाश ओढू लागतो आणि काठावरची एक बारकी पोर वाळूत एक खडा ठेवते.

खडे कशाला? दर फेकीला एक. दहा खडे झाले की तिचा बा घरी चल म्हणतो, म्हणून ती मोजते. कारकुनाच्या कुठल्याच रकान्यात न बसणारी आणि सगळ्यांत कामाची गोष्ट ह्या पोरीच्या पुढ्यात मांडलीय, आणि तिला त्याचा पत्ता नाही. तेच जाळं, तोच डोह, दहा फेकी: आज किती आले? परवा किती आले? पाण्यात किती मासे आहेत हे देवाला ठाऊक, पण दहा फेकींत किती येतात हे खड्यांना ठाऊक असतं. पुढं कधीतरी मोठमोठ्या संस्था ह्याच हिशेबावर उभ्या राहतील, जगभर, जहाजं घेऊन.

जाळं वर आलं. पळा, बघा!

वाळूवर उलटं केल्याबरोबर सगळं उडायला लागतं. मिशाळ शिंगाडा, त्याच्या काट्याला हात लावू नका, रात्रभर ठणका लागेल. वांब, सापासारखी वळवळणारी. चांदीच्या पात्यासारख्या फुलंग्या. एक मरळ, तोंडावरूनच भांडखोर. आणि हा कोण? नाकाच्या जागी मधोमध खाच, वरचा भाग कपाळासारखा पुढं आलेला, जणू कुणीतरी दगडानं ठेचलंय. पोरं ओरडतात, "नकटा! नकटा!" ह्या नकट्याचं नशीब मोठं. चाळीसेक वर्षांपूर्वी साइक्स नावाचा एक लष्करी अंमलदार दख्खनभर सरकारी माहिती गोळा करत हिंडत होता. त्यानं भोयांना नावं विचारली आणि तीच लॅटिनच्या शेपटाला बांधून 1839 साली लंडनला छापली. शास्त्राच्या पोथीत नकटा अजून 'नुक्ता' आहे, मुल्या 'मुल्या'च आहे. आणि आपल्याच एका कुलकर्ण्यांनी, पुढं 1952 साली, दख्खनच्या नद्यांतल्या एका बारक्या माशाला नाव दिलं 'खवलचोर', कारण तो दुसऱ्या माशांची खवलं चोरून खातो. माशांच्या जागतिक दप्तरात इतकं रोखठोक मराठी क्वचितच सापडेल.

पण सगळ्यांत मागं, जाळ्याच्या तळाशी जड काहीतरी आहे. पोरग्याला दोन्ही हात लावावे लागतात. खडशी. साहेबलोक हिला महसीर म्हणतात. तुम्ही गुडघ्यावर बसा आणि हात लावा, घाबरू नका. पाठ काळपट हिरवी, कुशीवर पितळेची झाक, आणि खवलं एकेक बंद्या रुपयाएवढं. अंग दगडासारखं घट्ट. ती एक झटका देते आणि तुमच्या मनगटापासून कोपरापर्यंत चिकट गार फटका बसतो. लांबी? तुमचा हात शेजारी ठेवा. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत, आणि वर चार बोटं. तुम्ही अवाक होता. इतका मोठा मासा कृष्णेत! पोरगा तोंड वाकडं करतो.

"बारकीच हाय," तो म्हणतो.

दुपार कलते आणि हवा अचानक पडते. पान हलत नाही. करंजावरचे कावळे गप्प झालेत. कारकुनाच्या पाठीवर बाराबंदी चिकटलीय. आग्नेयेकडं काळं काहीतरी साठतंय आणि म्हातारा भोई मान वर करून नाक फुगवतो. "आज उतरतंय," एवढंच म्हणतो आणि जाळी गोळा करायला लागतो.

दिवेलागणीला उतरलंच. आधी वारा, धुळीचा, डोळ्यांत जाणारा. मग टपोरे थेंब, कोमट. आणि मग तो वास. तो वास काही मी तुम्हाला दीडशे वर्षांपूर्वीचा म्हणून विकत नाही; तो कुपवाडला आजही तसाच येतो, पत्र्याच्या शेडवर पहिला पाऊस पडला की. भिजत उभे राहा थोडा वेळ. खांद्यावरचा दफ्तराचा वळ निवतो.

मध्यरात्री कुणीतरी तुम्हाला हलवतं. बाहेर गलका आहे. "चढणीचं मासं आल्यात! वड्याला चढण लागली!"

धावा. चिखल घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. जो ओढा काल कोरडा ठणठणीत होता तो तांबडा फेस उडवत नदीला मिळतोय, आणि नदीतून मासे उलटे त्याच्या तोंडात घुसतायत. अख्खा गाव लोटलाय. टेंभ्यांचा धूर, करंजेलाचा वास, पावसात चरचरणाऱ्या ज्वाळा. कुणाच्या हातात बुट्टी, कुणाच्या हातात काठी, कुणी धोतराचंच जाळं केलंय, एका म्हातारीनं तर वाकळ पसरलीय. पाटलाचे गडी आहेत, कुंभार आहेत, शाळकरी वयाची पोरं आहेत, आणि ह्यांतल्या कुणाचाही मासेमारी हा धंदा नाही. पायांना गार, गुळगुळीत, जिवंत काहीतरी आपटतं. तुमच्याही नकळत तुम्ही वाकता, हात पाण्यात जातो आणि हाताला लागतं ते वर काढता. निसटतं. पुन्हा. ओरडताय तुम्ही, माहीत आहे ना? सगळेच ओरडतायत.

पलीकडं खडकावर घोंगडी पांघरून एक आकृती नाचतेय. "अरे इकडे! इकडे गेला! डावीकडे धर, डावीकडे!" कारकून. धोतर गुडघ्यांवर, पागोटं गायब, सोवळंओवळं पाण्यात. मासा शिवत नाही तो अजून. पण आज रात्री गावात त्याच्याइतके मासे कुणीच दाखवले नसतील.

ओढ्याच्या काठालाच चिरायचं काम चाललंय. वाका. सुरीनं पोट उघडलं की गाभोळी, पिवळट, राळ्याच्या दाण्यांसारखी, ओंजळभर. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. मासे फिरायला आले नव्हते, अंडी घालायला निघाले होते. साहेबाचा 'अंड्यावरचे मासे मारतात का' हा प्रश्न कारकुनानं दुपारी वाचला तेव्हा म्हाताऱ्या भोयानं "न्हाय जी" म्हणून मान हलवली होती, आणि तो खोटं बोलला नव्हता. तो इथं नाहीच. तो वर, वडाखाली, चिलीम धरून बसलाय आणि खालचे टेंभे बघतोय.

तुम्ही त्याच्याशेजारी जाऊन बसता. तो चिलीम पुढं करतो. नको म्हणा, ठसका लागेल.

"गावाला येक रात लागती," तो म्हणतो. "आमाला वरीसभर निस्तराय लागतंय."

म्हणून मी म्हणतो, जाळीवाल्यांची मोजदाद करून नदीचा हिशेब लागत नाही. साहेबालाही पुढं हेच दिसलं. पावसाळ्यात भाताच्या खाचरांत आणि ओढ्यांच्या तोंडांत बांबूच्या काड्यांचे सापळे लावून नखाएवढी पिल्लं पायल्यांनी धरली जातात, हे त्यानं पुन्हा पुन्हा लिहिलं. आत जायला वाट, बाहेर यायला नाही, असे सापळे.

सकाळी सगळं धुतलेलं असतं. आभाळ निळं, वाटा चिखलाच्या. बाजार भरलाय. पळसाच्या पानांवर मासे मांडलेत आणि पानांवरच माश्या. आज मासे स्वस्त, कारण प्रत्येकाच्या घरी रात्रीचे शिजतायत. लसूण, चिंच आणि तिखटाचा वास बोळाबोळांतून येतोय आणि तुम्ही काल दुपारपासून उपाशी आहात. घ्या, ही भाकरी. कालवण एका पोरीनं वाटीत घातलंय. काटे जपून.

कारकून आज पुन्हा नाकाला उपरणं लावून आलाय, रात्रीचं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. दोन प्रश्न उरलेत: बाजाराला पुरवठा पुरतो का, आणि भाव. तो एका वयस्क बाईपुढं उभा राहतो. म्हाताऱ्या भोयाची बायको ती. कपाळावर मोठं गोंदण, पुढ्यात बुट्टी, गच्च.

"मासे पुरतात का बाजाराला?"

"पुरत्यात की. कुणाला उपाशी घालवलंय म्या?"

"पूर्वी जास्त येत होते का?"

बाई त्याच्याकडं बघते. मग बुट्टीवर हात ठेवते, लहान पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"ही बुट्टी माज्या सासूची. हिच्यातनं तिच्या वक्ताला शेपटी भाईर लोंबायची. येवढी." आणि उजव्या हाताचा पंजा ती डाव्या खांद्यावर ठेवते. तिथून बोटांच्या टोकापर्यंत. "म्हसरं राखणारी पोरं हासत मागनं यायची, शेपटीला हात लावाय. मी नवी नवरी आल्ये तवा कवातरी असायची. आता समदं आत मावतंय." पंजा घसरत कोपरावर येतो.

"म्हणजे मासे कमी झाले म्हणायचं?"

"कमी कुटं? बुट्टी तर भरतीया!"

कारकून बोरू वर धरून थांबतो. त्याच्याकडं ह्याला रकाना नाही. दोन खांबांमध्ये उभ्या माणसासारखा तो क्षणभर डावीउजवीकडं बघतो आणि मग लिहितो: पुरवठा पुरेसा.

तुमच्या ओठांवर आलंय, नाही का? सांगावंसं वाटतंय त्याला, की अहो, हेच लिहा! बुट्टी भरते पण आतला मासा आखूड होत चाललाय, ह्याचाच अर्थ मोठे आधी संपले आणि आता आपण त्यांच्या पोरांवर आलोय. अंडी घालणाऱ्या माद्या मोठ्या असतात, आणि जितकी मोठी तितकी गाभोळी जास्त, हे काल रात्री तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत. शिवाय ह्या अख्ख्या बाजारात खरी तुलना करू शकणारे तुम्ही एकटेच आहात. सासूनं खांद्याएवढा बघितला, सुनेनं कोपराएवढा, पोरग्याला कोपराएवढाही 'बारका' वाटला. आणि तुम्ही कुपवाडच्या टपात जे बघून आलात ते तर ह्यांच्यातल्या कुणी मासाही म्हणणार नाही. पण तुम्ही दफ्तर वाहणारे. दफ्तरवाल्याला कोण विचारतं? उचला ते.

बाईचं माप मात्र वाया गेलं असं नाही. माशाची लांबी हाच पुरावा, हे सरकारदरबारी पोचायला वेळ लागला इतकंच. 2023 साली महाराष्ट्र सरकारनं समुद्रातल्या 54 जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, ह्याहून आखूड धरायचा नाही म्हणून. चंदेरी पापलेट त्याच वर्षी राज्यमासा झालं होतं. त्याची लांबी ठरली 135 मिलिमीटर. आता तुमची वीत पसरा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतसुद्धा पुरती होत नाही ती लांबी. राज्यमाशाला एवढीशी हमी द्यावी लागते, ह्यातच काय ते आलं.

परतायची वेळ झाली. येताना आपण एकेक वस्तू काढत गेलो होतो, आता घालत जायचंय, आणि पटापट, नाहीतर मावशींचं गिऱ्हाईक खोळंबेल. दुष्काळ आला, गेला. नदीवर रेल्वेचे पूल आले. 1897 ला कायदा झाला, पाण्यात सुरुंग उडवायचे नाहीत, विष कालवायचं नाही. म्हणजे दोन्ही चाललं होतं. वर कोयनेला भिंत उभी राहिली, धोमला राहिली, खाली जागोजाग बंधारे आले. चढण लागली तरी चढायचं कुठं? उसानं काठ हिरवा केला. 1952 ला आफ्रिकेतून चिलापी आली. तिला ना चढण लागते ना वाहतं पाणी. डबक्यात घर करते आणि पिल्लं तोंडात सांभाळते. एखाद्या उन्हाळ्यात पाणी काळं होतं, उग्र वास सुटतो आणि सकाळी हजारो मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागतात. त्या वासापाशी थांबू नका, पुढं चला. जाता जाता एक बरी गोष्ट ऐका: लोणावळ्याला टाटांच्या धरणावर गेली पन्नासेक वर्षं खडशीची पिल्लं वाढवून नद्यांत सोडतायत, आणि महाडजवळ वाळणकोंडीला वरदायिनीच्या डोहात तिला कुणी हात लावत नाही, लोक लाह्या-फुटाणे टाकतात आणि ती वर येऊन खाते. फुटाणे, बघा. जाळ्यात अडकला होता तो.

तारा, डांबर, पत्रे, पंखा. ग्राइंडर किरकिरला. डिझेल.

मावशींच्या हातात सुरी आहे. काट्यावर तुमची अर्धा किलो. तुमचे पाय कोरडे आहेत, पण हाताला मनगटापासून कोपरापर्यंत अजून काहीतरी चिकट लागतंय, आणि तो वास टपाचा नव्हे.

"मावशी," तुम्ही विचारता, "पूर्वी मोठी यायची का हो?"

"आता काय सांगायचं!" मावशींचा चेहरा फुलतो. सुरी खाली ठेवून त्या ओला पंजा पुढं करतात, बोटं ताणून, आणि दुसऱ्या हाताची कड मनगटाच्या जरा वर टेकवतात. "आमच्या लहानपणी केवढाल्या यायच्या! ही एवढी!"

मग त्या टपात हात बुडवून पंजा धुतात. "खवलं काढून देऊ का तशीच नेता?"